मंदिराचा जीर्णोद्धार आणि मठाचे जतन

सातारा जिल्ह्यात गावोगावी जीर्णोद्धाराच्या पावत्या फाटतात. गावातला शेतकरी देतो, मुंबईला माथाडीत काम करणारा देतो, सासरी गेलेली लेकही देते. त्यामागची भावना खरी असते. पण एकाच पावतीवर दोन निराळी कामे होतात: देवळाचा जीर्णोद्धार आणि शेजारच्या मठाची दुरुस्ती. देवळाला जे मानवते ते मठाला मानवत नाही. हा फरक लक्षात न आल्यामुळे साधुसंतांची राहती घरे चांगल्या हेतूनेच पाडली जातात.

देवळाचे देवपण मूर्तीत, नित्यपूजेत आणि उत्सवात असते. चाफळचेच पाहा. समर्थ रामदासांनी तिथे 1648 मध्ये राममंदिर उभारले. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपानंतर उद्योगपती अरविंद मफतलाल यांच्या पुढाकाराने देवळाची नव्याने उभारणी झाली. बांधकाम बदलले, पण राम तोच राहिला, रामनवमीचा उत्सवही तोच. भाविकांच्या लेखी परंपरा तुटली नाही. जुने घडीव दगड गेल्याची हळहळ वाटू शकते, तरी देऊळ नवे करणे आपल्या रीतीला धरूनच आहे.

मठाचे तसे नाही. तिथे एक माणूस राहिला, म्हणून त्या जागेला मोल आले. सज्जनगडावर समर्थ 1676 पासून माघ वद्य नवमी, शके 1603 (इ.स. 1682) पर्यंत राहिले. तिथल्या शेजघरात त्यांचा पलंग, कुबडी अशा नित्य वापरातल्या वस्तू दाखवतात. माणसे तिथे थबकतात ती या साधेपणापाशी. लहान मठातही हेच असते: झिजलेला उंबरा, पोथ्यांचे कोनाडे, शिधा उतरवायची ओसरी, चुलीच्या धुराने काळा पडलेला कडीपाट. स्वामी कसे राहिले, किती थोडक्यात राहिले, शिष्य कुठे बसले, हे सगळे या बांधणीतच नोंदलेले असते. भिंत पाडून स्लॅब टाकला आणि संगमरवर बसवला की मूर्ती जपता येईल, तसबीर लावता येईल. घर मात्र उरत नाही. सातारा-वाईकडचे जुने मिशनबंगले, पाद्र्यांची घरे यांनाही हाच नियम लागू पडतो.

‘भिंती मातीच्या आहेत, पडतील’ ही भीती नेहमी पुढे केली जाते. पण आपल्याकडच्या जुन्या घरांत पुष्कळदा भार पेलतात ते लाकडी खांब आणि तुळया. भिंती त्यांच्यामधली भरण असतात. भिंत फुगली म्हणजे घर गेले असे नाही. आधी वर पाहावे. शाकारणी चुकली, कौल सरकले, पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत उतरते आणि तुळईचे भिंतीतले टोक कुजते. कुजलेला तेवढाच भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा देणारे सुतार अजून मिळतात. अख्खी तुळई बदलण्यापेक्षा हे काम किचकट आहे, पण जुने लाकूड राहते.

खरा घात सिमेंटच्या गिलाव्याने होतो. माती आणि चुना ओल शोषतात व उन्हात सोडून देतात. वरून सिमेंट थापले की जोत्यातून चढलेली ओल आत कोंडते, लोणा धरतो म्हणजे भिंतीतून क्षार फुटतात, आणि काही पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. मग ‘भिंतच खराब होती’ असे म्हणून ती पाडली जाते. इथे चुन्याचाच गिलावा हवा, नीट मुरवलेला. जुने गवंडी त्यात हिरड्याचे पाणी आणि गूळ घालत. लाकडावर चकचकीत ऑइलपेंट फासणेही टाळावे. त्याखाली ओल अडकते आणि कोरीवकामाची धार बुजते.

कायद्याच्या भरवशावर राहू नये. महाराष्ट्राचा 1960 चा पुराणवास्तू कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंना कवच देतो, आणि गावचे बहुतेक मठ त्या यादीत नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीसाठी 2001 च्या पर्यावरण अधिसूचनेत मानवनिर्मित वारशाचा विचार झाला आहे, पण ते त्या पट्ट्यापुरतेच. इतरत्र विश्वस्तांनी ठराव केला की काम सुरू होते.

म्हणून वर्गणीच्या बैठकीतच देऊळ आणि मठ यांची अंदाजपत्रके वेगळी मागावीत. मठाचे काम धरण्याआधी प्रत्येक खणाचे मोजमाप, नकाशा आणि फोटो झाले पाहिजेत, उतरवलेल्या लाकडांवर क्रमांक पडले पाहिजेत. पहिला खर्च छपरावर करावा. भाविकांसाठी सभामंडप, भक्तनिवास, स्वच्छतागृह हवेच असेल तर ते आवारात बाजूला बांधावे, मठाच्या भिंतीला न टेकता. आणि ठेकेदाराने ‘पाडून नवे स्वस्त पडेल’ असे सांगितले, तर जुन्या बांधकामाची जाण असलेल्या वास्तुविशारदाला एकदा घर दाखवल्याशिवाय ठरावावर सही करू नये.