अनडिफाइन्ड रेफरन्स

प्रोग्रॅममध्ये एखादे फंक्शन वापरलेले असते, पण त्याची व्याख्या जोडणीच्या वेळी कुठेच सापडत नाही. तेव्हा लिंकर, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडून प्रोग्रॅम बनवणारे साधन, जी त्रुटी देतो ती अनडिफाइन्ड रेफरन्स. सी आणि सी प्लस प्लसमध्ये ती वारंवार भेटते. मायक्रोसॉफ्टचा लिंकर हिलाच ‘अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल सिम्बॉल’ म्हणतो आणि बहुधा एलएनके२०१९ हा क्रमांक देतो.

कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचे मशीन कोडमध्ये रूपांतर करणारे साधन, एका वेळी एकच सोर्स फाइल हाताळतो. हेडरमध्ये, म्हणजे घोषणांच्या फाइलीत, फंक्शनची घोषणा दिसली की त्याचे काम भागते. कॉलच्या जागी पत्ता कोरा ठेवून तो ऑब्जेक्ट फाइलच्या (कंपाइल होऊन बनलेल्या फाइलीच्या) सिम्बॉल टेबलात, म्हणजे नावांच्या यादीत, ते नाव लिहून ठेवतो. पत्ता भरायचे काम लिंकरचे. म्हणून कंपाइल बिनबोभाट होते आणि शेवटच्या टप्प्यावर गाडी अडते. अशा वेळी सिंटॅक्स तपासत बसण्यात अर्थ नाही. संदेशातले नाव नीट वाचावे. ‘एनएम’ ही आज्ञा ऑब्जेक्ट फाइलवर चालवली की न सापडलेल्या नावापुढे ‘यू’ आणि व्याख्या असलेल्या फंक्शनपुढे ‘टी’ दिसते. निम्मा शोध तिथेच संपतो.

कारणे बहुतेकदा साधी असतात: सोर्स फाइल बिल्डमध्ये घ्यायची राहिली, नावात चूक झाली किंवा लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, जोडली नाही. लिनक्सवर गणिती फंक्शनांसाठी सहसा गणिती लायब्ररी जोडणारे ‘-एलएम’ द्यावे लागते. नवशिक्यांना चकवणारी गोष्ट अशी, की कॉस फंक्शनला थेट १.० दिले तर जीसीसी हा कंपायलर उत्तर कंपाइल करतानाच काढतो आणि ‘-एलएम’शिवायही निभावते, पण चल (व्हेरिएबल) दिला की त्रुटी येते. स्टॅटिक लायब्ररींचा (ज्यांतला कोड थेट प्रोग्रॅममध्ये घेतला जातो) क्रमही महत्त्वाचा. जीएनयू लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि तोवर अडलेली नावेच लायब्ररीतून उचलतो, त्यामुळे लायब्ररी ती वापरणाऱ्या फाइलनंतर लिहावी.

सी प्लस प्लसमध्ये नावात पॅरामीटरचे प्रकारही गुंफले जातात. दोन पूर्णांक घेणारे ‘अ‍ॅड’ जीसीसीकडे ‘अंडरस्कोर-झेड-३-अ‍ॅड-आय-आय’ होते. सीमध्ये कंपाइल झालेल्या फाइलीत ते नुसते ‘अ‍ॅड’ असते, म्हणून सी प्लस प्लसमधल्या घोषणेला एक्स्टर्न ‘सी’ लावावे लागते. टेम्प्लेटची, म्हणजे अनेक प्रकारांसाठी एकदाच लिहिलेल्या फंक्शनची किंवा वर्गाची, व्याख्या हेडरऐवजी सोर्स फाइलीत ठेवली तरी हीच त्रुटी येते. ‘व्हीटेबल’ (वर्गाच्या व्हर्च्युअल फंक्शनांच्या पत्त्यांचा तक्ता) सापडत नाही असा संदेश सर्वांत दिशाभूल करणारा: बहुतेकदा वर्गातल्या एखाद्या व्हर्च्युअल फंक्शनची व्याख्या लिहायची राहिलेली असते.

लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी (प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी) बनवताना मात्र लिंकर अशी नावे मुकाट्याने चालवून घेतो आणि चूक प्रोग्रॅम चालू असताना ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणून उघडी पडते. ‘नो-अनडिफाइन्ड’ हा पर्याय दिला, तर ती बिल्डमध्येच पकडता येते.