मोबाइल जाळ्यांच्या पिढ्या

मोबाइल जाळ्यांच्या पिढ्या : मोबाइल दूरध्वनीचे रेडिओतंत्र साधारणपणे दर दहा वर्षांनी पालटत गेले, त्या टप्प्यांना रूढ असलेली संज्ञा. प्रदेशाचे लहान लहान ‘सेल’ पाडून तीच वारंवारता इतर सेलमध्ये पुन्हा वापरायची, हे बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये मांडले गेलेले तत्त्व पाचही पिढ्यांत टिकून आहे.

पहिल्या, सदृश (अ‍ॅनालॉग) पिढीचा आरंभ बहुधा टोकियोतील १९७९ च्या मोटारफोन सेवेपासून धरतात. सेंट लुइस येथील १९४६ च्या सेवेत सेल नव्हते, म्हणून ती या गणनेत येत नाही. दुसरी पिढी (फिनलंड, १९९१) अंकीय (डिजिटल) झाली. जीएसएम या तिच्या प्रमुख तंत्रात २०० किलोहर्ट्‌झच्या एका वाहकावर (रेडिओलहरीवर) आठ कालखंड पाडले जातात, म्हणजे ग्राहक तो आळीपाळीने वापरतात. तिसरी जपानमध्ये २००१ साली व्यापारी स्वरूपात आली.

चौथीची व्याख्या वादग्रस्त आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००८ मध्ये वेगवान प्रवासात सेकंदाला १०० मेगाबिट व जवळपास स्थिर ग्राहकास १ गिगाबिट, असा निकष ठेवला. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम व ऑस्लो येथे सुरू झालेली एलटीई ही मोबाइल तंत्रप्रणाली त्यात बसत नव्हती. तरी ती ‘४जी’ म्हणूनच विकली गेली. डिसेंबर २०१० मध्ये संघानेच ते नाव अशा तंत्रांना चालेल असे मान्य केले. काटेकोर अभ्यासक एलटीईला ३.९ वी, म्हणजे चौथीच्या उंबरठ्यावरची, पिढी म्हणतात. वेगापेक्षा रचना पाहणे अधिक सयुक्तिक वाटते : एलटीईत आवाजासाठी वेगळे परिपथ (सर्किट) उरलेच नाहीत, त्यामुळे सुरुवातीचे हँडसेट कॉल आला की जुन्या पिढीवर उतरत.

भारताने पहिली पिढी वगळली. पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला. ५जी, म्हणजे पाचवी पिढी, येथे १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली.

दूरसंचार परवान्यांत गोवा महाराष्ट्र परिमंडळात (सर्कलमध्ये; मुंबई वगळून) मोडतो. त्यामुळे पत्रादेवीहून सीमेपलीकडे महाराष्ट्रातील बांद्याला गेल्यास रोमिंग लागत नसे, पोळे येथून कर्नाटकातील कारवारकडे वळताच लागे. प्रशासकीय नकाशापेक्षा हा नकाशा गोमंतकीयांना अधिक पाठ होता. सत्तरी, सांगे, काणकोण येथील डोंगराळ भागात ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी दूरवर पोचतात, तर ५जीच्या ३.३ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यासाठी मनोरे जवळजवळ लागतात. नेमका मनोऱ्यांनाच गावोगावी विरोध होतो, जरी भारतातील मनोऱ्यांची प्रारण-मर्यादा (रेडिएशनची मर्यादा) सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. गोवा राज्याचे दूरसंचार पायाभूत सुविधा धोरण २०२० सालचे आहे.