अ‍ॅलर्जीच्या तपासणीआधी सर्दीचे औषध पाजू नये : पालकांसाठी माहिती

मुलांच्या त्वचेवरील अ‍ॅलर्जी तपासणीसाठी येणारे पालक आम्हांला बहुधा एकच प्रश्न विचारतात, की गाजरगवत, धूळकीटक यांच्या थेंबांसोबत हिस्टामिनचा थेंब कशाला, आणि तोही दोन्ही हातांवर का? अ‍ॅलर्जीत शरीर स्वतः जे रसायन सोडते तेच हे असल्याने ते टोचले की गांध उठायलाच हवी. ती उठली नाही, तर बाकीच्या थेंबांच्या जागी काही न उठण्याला अर्थ राहत नाही.

ती न उठण्याचे कारण बहुतेक वेळा घरूनच आलेले असते. एसटीत लेकराचे नाक वाहू नये म्हणून सकाळी सेटिरिझिनचे सिरप पाजले जाते, आणि ते हिस्टामिनची क्रियाच अडवते. मेडिकलमधून खोकल्याचे म्हणून आणलेल्या बाटलीतही पुष्कळदा तेच काम करणारे क्लोरफेनिरामिन असते. अशी औषधे डॉक्टरांना विचारून ७ दिवस आधी बंद ठेवावीत. दम्याचा पंप मात्र मुळीच थांबवू नये. त्याने तपासणीत अडथळा येत नाही. हातावर स्टेरॉइडचे मलम लावत असाल, तर तेही आधी सांगावे.

आता दोन हातांविषयी. एकाच मुलाच्या हातावर कोपराकडची गांध मनगटाकडच्या गांधीपेक्षा मोठी उठते, शिवाय टोचण्याचा दाब कमीजास्त झाला तरी फरक पडतो. म्हणून आम्ही दोन्ही हातांवर सारख्याच जागी टोचतो, गांधीची कड बारीक पेनाने आखून पारदर्शक चिकटपट्टीवर उतरवून घेतो आणि सर्वांत लांब व्यास व त्याला काटकोनात असलेला व्यास यांची सरासरी काढतो. एका हातावर ६ मिमी आणि दुसऱ्यावर ३ मिमी आले, तर अहवाल न देता पुन्हा टोचतो. साध्या सलाइनचा थेंब टोचलेल्या जागी उठेल त्यापेक्षा ३ मिमी मोठी गांध म्हणजे अ‍ॅलर्जीची खूण, असा नियम असताना आमच्याच मोजमापात तेवढी तफावत कशी चालेल? दोन वर्षांखालील बाळांची गांध मुळातच लहान असते, त्याची काळजी करू नये.

ती पट्टी आम्ही अहवालावर चिकटवूनच देतो, म्हणजे नागपूरच्या डॉक्टरांनाही ती पुन्हा मोजता येते. औषधामुळे तपासणी फसली, तर दुसऱ्या खेपेचे शुल्क आम्ही घेत नाही; परंतु सोयाबीनच्या हंगामात बुडालेली मजुरी आम्हांला भरून देता येत नाही. औषध चुकून दिले गेले असल्यास घरूनच फोन करावा, तारीख बदलून मिळेल. आणि येताना चालू औषधांच्या बाटल्या व पाकिटे सोबत आणावीत.