खटला, केबल आणि कार्लिन : चौदा स्पेशल्समागची पार्श्वभूमी

अमेरिकी विनोदवीर जॉर्ज कार्लिनने १९७७ ते २००८ या काळात एचबीओ या पैसे भरून घ्यायच्या केबल वाहिनीसाठी चौदा स्टँड-अप स्पेशल्स, म्हणजे मंचावरून एकट्याने केलेले विनोदाचे अख्खे प्रयोग, केले. १९९७ चा, चाळीस वर्षांच्या कारकिर्दीचा आढावा घेणारा कार्यक्रम यात धरला आहे. आज त्यांचे जे तुकडे मोबाइलवर फिरतात ते बहुतांशी शेवटच्या पाच-सहा स्पेशल्समधले असतात: देवाधर्मावरचे, युद्धावरचे, जाहिरातबाजीवरचे, देश नेमका कोणाच्या मालकीचा आहे यावरचे. त्यातून दोन समज घट्ट झाले आहेत. कार्लिन पहिल्यापासून असाच तोफा डागत होता, हा एक. केबलवाल्यांनी मोठ्या मनाने त्याला हवं ते बोलू दिलं, हा दुसरा. पहिला चुकीचा आहे, आणि दुसऱ्यात मोठ्या मनाचा वाटा फार थोडा आहे. ज्या मोकळ्या जागेत हे स्पेशल्स उभे राहिले तिची हद्द एका खटल्याने आखली, आणि तो खटला कार्लिनच्याच शब्दांवरून चालला होता.

साठच्या दशकातला कार्लिन सूट-टाय घालून टीव्हीच्या मनोरंजन कार्यक्रमांत झळकायचा आणि झिंगलेल्या हवामान-निवेदकाचं पात्र रंगवून हशा वसूल करायचा. १९६२ च्या डिसेंबरात शिकागोच्या एका क्लबात लेनी ब्रूस या विनोदवीराला अश्लील बोलण्याच्या आरोपावरून अटक झाली तेव्हा कार्लिन प्रेक्षकांत होता. ओळखपत्र दाखवायला नकार दिला म्हणून पोलिसांनी त्यालाही उचललं. ब्रूस १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरला, १९६६ मध्ये वारला, आणि त्याला अधिकृत माफी मिळाली ती २००३ मध्ये. कार्लिनचा रस्ता मात्र त्या रात्रीने लगेच बदलला नाही. १९७० च्या आसपास त्याने दाढी-केस वाढवले, लास वेगसच्या हॉटेलातलं भरपगारी काम गमावलं आणि तो कॉलेजांच्या सभागृहांकडे वळला. १९७२ च्या एका ध्वनिमुद्रिकेत टीव्हीवर उच्चारता न येणाऱ्या सात शब्दांचा तो प्रसिद्ध तुकडा आला. त्याच वर्षी जुलैत मिलवॉकीच्या उन्हाळी महोत्सवात तो सादर केल्यावर पोलिसांनी त्याला पकडलं. डिसेंबरात ते प्रकरण फेटाळलं गेलं.

पुढच्या भागावर जरा थांबायला हवं, कारण तो सर्रास चुकीचा सांगितला जातो. सात शब्दांबद्दल कार्लिनवर खटला झाला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे ते शब्द अश्लील ठरून त्यांच्यावर बंदी आली, असं ऐकायला मिळतं. यातलं जवळपास काहीच तसं घडलेलं नाही.

१९७३ च्या ३० ऑक्टोबरला, दुपारी दोनच्या सुमारास, न्यूयॉर्कच्या एका बिगरव्यापारी रेडिओ केंद्राने भाषेविषयीच्या समाजाच्या धारणांवर चर्चेचा कार्यक्रम लावला होता. त्यात कार्लिनच्या नव्या ध्वनिमुद्रिकेतला बारा मिनिटांचा तुकडा वाजवला गेला. हा १९७२ च्या तुकड्याचाच पुढचा अवतार. काही श्रोत्यांना भाषा खटकेल अशी सूचना आधी दिलेली होती. काही आठवड्यांनी एका गृहस्थाची तक्रार गेली: मुलाबरोबर गाडीतून जाताना हे कानावर पडलं. तक्रार एवढी एकच. हे गृहस्थ नैतिकतेसाठी मोहीम चालवणाऱ्या एका संघटनेशी जोडलेले होते, आणि मुलाचं वय पंधरा होतं. तक्रारीची दखल घेऊ नये असं यावरून ठरत नाही. पण ‘लहान मूल’ हा शब्दप्रयोग पुढे साऱ्या युक्तिवादाचा कणा झाला, म्हणून ही दोन्ही तथ्यं डोळ्यांआड होता कामा नयेत.

रेडिओ-टीव्हीचे परवाने देणाऱ्या संघीय दळणवळण आयोगाने १९७५ मध्ये आदेश काढला. दंड केला नाही. आदेश केंद्राच्या परवान्याच्या फायलीत लावला, म्हणजे पुढे तक्रारी आल्या तर परवान्याच्या वेळी तो उघडता यावा. परवान्यावर जगणाऱ्या केंद्राला एवढी टांगती तलवार पुरते. केंद्राची चालक संस्था अपिलात गेली आणि १९७७ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी जिंकली. मग आयोग वर गेला, आणि ३ जुलै १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी आयोगाची बाजू उचलून धरली. कार्लिन या सगळ्यात पक्षकार नव्हताच. वाद होता तो आयोग आणि प्रसारक यांच्यात.

खरा गुंता दोन शब्दांचा आहे: अश्लील आणि असभ्य. १९७३ च्याच दुसऱ्या एका निकालानुसार मजकूर अश्लील ठरायचा तर तो कामवासना चाळवणारा असावा लागतो, आणि एकदा अश्लील ठरला की त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण उरत नाही. कार्लिनच्या तुकड्यात वासना चाळवणारं काही नव्हतं, हे आयोगालाही मान्य होतं. म्हणून आयोगाने आधार घेतला तो ‘असभ्य’ या दुसऱ्या, सैल शब्दाचा. रेडिओवरून अश्लील, असभ्य किंवा शिवराळ भाषा प्रसारित करणं गुन्हा ठरवणारं जुनं कलम होतंच. त्यातले तीन शब्द वेगळे वाचायचे, एवढंच आयोगाला हवं होतं. न्यायालयाने ते दिलं. असभ्य भाषेला संरक्षण आहे, पण प्रसारण घराघरांत न विचारता शिरतं आणि वाचता न येणाऱ्या मुलापर्यंतही पोचतं, म्हणून दिवसाच्या वेळी तिला अटकाव करता येईल, असा तो निकाल. डुक्कर गोठ्याऐवजी दिवाणखान्यात आलं तर उपद्रवच, असा दाखलाही त्यात आहे.

बहुमत पाचांचं होतं, तरी कारणांवर पाचही जण एक नव्हते. अशा शब्दांची किंमतच कमी, हे मुख्य निकालातलं म्हणणं तिघांचं. उरलेल्या दोघांनी बोलण्याची किंमत न्यायाधीशांनी ठरवू नये असं स्पष्ट लिहिलं आणि फक्त प्रसारणाच्या वेगळेपणावर सही केली. विरोधी मतात सांगितलं गेलं की श्रोता बटण फिरवू शकतो, मुलांनी काय ऐकावं हे पालक ठरवू शकतात, आणि देशातल्या कित्येक समाजांत हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत, ते बाद करणं म्हणजे एका वर्गाची चालरीत सगळ्यांवर लादणं. मला हे विरोधी मत जास्त पटतं. कोणत्या वेळेला चालेल, एखादा शब्द चुकून निसटला तर काय, हे बहुमताने उघडंच ठेवलं, आणि त्याची किंमत पुढची तीन दशकं प्रसारकांनी मोजली. रात्री दहा ते सकाळी सहा ही मोकळीक पक्की व्हायला १९९५ उजाडलं. २००६ मध्ये दंडाची कमाल मर्यादा साडेबत्तीस हजार डॉलरांवरून सव्वातीन लाखांवर गेली. निसटत्या शिव्यांविरुद्धचे आयोगाचे आदेश २०१२ मध्ये न्यायालयाने रद्द केले तेही आयोगाने पुरेशी पूर्वसूचना दिली नव्हती एवढ्याच कारणाने. १९७८ च्या निकालाला हात लावला नाही. ज्या तुकड्यावरून हे घडलं त्याची पूर्ण संहिता मात्र निकालाच्या परिशिष्टात छापलेली आहे. दुपारी दोनला रेडिओवर चालत नाही ते कुठल्याही विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वाचता येतं.

हा सगळा तर्क उभा आहे तो सार्वजनिक रेडिओलहरींवर. लहरी जनतेच्या, वापरायचा परवाना सरकारचा, म्हणून अटी. केबल तारेने येते, लोक महिन्याचे पैसे मोजून ती घरात घेतात, नको असेल तर बंद करतात. यूटा राज्याने केबलवरच्या असभ्यतेवर कायदा करून पाहिला, तो न्यायालयांनी मोडीत काढला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे एका माध्यमाला बांधणाऱ्या कारणांनीच दुसरं माध्यम सुटलं. एचबीओने १९७५ मध्ये उपग्रहावरून देशभर प्रक्षेपण सुरू केलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कॉलेजच्या मंचावरून एका विनोदवीराचा अख्खा प्रयोग दाखवला. चित्रपट आणि मुष्टियुद्धाच्या लढतींच्या मानाने हे फार स्वस्त होतं: एक माणूस, एक माइक, दोन-चार कॅमेरे.

तरी सुरुवातीला वाहिनी बिचकतच होती. १९७७ चा कार्लिनचा पहिला स्पेशल दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात चित्रित झाला. एका नामवंत स्तंभलेखिकेने सुरुवातीला गंभीरपणे प्रस्तावना केली, आणि सात शब्दांचा भाग येण्यापूर्वी पडद्यावर इशारा झळकला. वरच्या न्यायालयात काय होईल याची तेव्हा कोणालाच खात्री नव्हती. १९७८ चा दुसरा स्पेशल फीनिक्सच्या गोल मंचावर झाला; त्याच वर्षी निकाल आला, आणि त्याच वर्षी कार्लिनला पहिला हृदयविकाराचा झटकाही आला.

ऐंशीचं दशक मी भराभर ओलांडतो, कारण त्यातले स्पेशल्स मला तितके धरून ठेवत नाहीत. १९८२ मध्ये दुसरा झटका, डोक्यावर आयकराची मोठी थकबाकी, तीवर चढत जाणारं व्याज आणि दंड. ती फेडायला त्याला सतत दौरे करावे लागले, आणि दौऱ्यांतून दर दोन-तीन वर्षांनी एक नवा तास तयार होऊ लागला. चित्रित झालेला मजकूर टाकून द्यायचा आणि पुन्हा कोऱ्या पाटीने सुरू करायचं, ही त्याची रीत. आज बरेच स्टँड-अप कलाकार याच चक्राने चालतात, पण तेव्हा एकच तासभराचा कार्यक्रम वर्षानुवर्षं फिरवणारे पुष्कळ होते.

वळण १९९२ च्या न्यूयॉर्कच्या स्पेशलला आलं असं सगळे मानतात. कार्लिन स्वतःही तो आपला सर्वोत्तम मानायचा. मला ते आधीच दिसतं. १९८८ मध्ये न्यू जर्सीत चित्रित झालेल्या स्पेशलची सुरुवात थेट रेगन सरकार आणि त्याच्यामागे उभ्या धर्मप्रचारकांवरच्या हल्ल्याने होते. १९९० मध्ये त्याने युद्धात मन खचलेल्या सैनिकाच्या दुखण्याची नावं क्रमाने मांडली: पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ हे आटोपशीर, आघाती नाव, मग प्रत्येक युद्धागणिक लांबलचक, गुळगुळीत, वेदना पुसून टाकणारं. सात शब्दांचा तुकडा ‘हे शब्द का चालत नाहीत’ असं विचारत होता. हा तुकडा विचारतो की सभ्य शब्दांनी काय लपवलं जातं. कार्लिनचं मोठेपण मला या सरकण्यात दिसतं. शिव्यांसाठी मिळालेली जागा त्याने सभ्य भाषेचा हिशेब मागायला वापरली.

१९९२ मध्ये ते सगळं एकत्र आलं. आखाती युद्धाला वर्ष लोटलं होतं. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या संकुलातल्या नाट्यगृहात कार्लिनने सुरुवात युद्धखोरीपासून केली, मध्ये विमानकंपन्यांच्या सूचनांची भाषा सोलली, बेघरांसाठी गोल्फची मैदानं मागितली, आणि शेवटी पृथ्वी वाचवायला निघालेल्यांना बजावलं की पृथ्वीला काही होत नाही, जाणार आहोत ते आपण. क्लबातल्या सुट्या विनोदांची माळ इथे संपली आणि निबंधासारखी बांधणी आली. जाहिरातींच्या जिवावर चालणाऱ्या वाहिनीवर हे शक्य नव्हतं. कायद्याइतकंच हेही महत्त्वाचं: इथे चिडून हात काढून घेणारा प्रायोजकच नव्हता.

मोकळीक होती म्हणजे काहीच अडत नव्हतं असं नाही. २००१ च्या नोव्हेंबरात प्रक्षेपित व्हायच्या स्पेशलचं नाव मोठ्या संख्येने माणसं मरतात तेव्हा बरं वाटतं अशा अर्थाचं होतं. ९ आणि १० सप्टेंबरला लास वेगसमध्ये त्याची तालीम ध्वनिमुद्रितही झाली. ११ सप्टेंबरनंतर नाव बदललं आणि तो भाग काढला गेला. ते ध्वनिमुद्रण बाहेर आलं २०१६ मध्ये, कार्लिनच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. हा निर्णय कुठल्याही आयोगाने लादला नव्हता.

२००५ च्या स्पेशलमध्ये मंचावर बर्फाळ दफनभूमी होती. व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन आलेला अडुसष्ट वर्षांचा माणूस सुरुवातीलाच आपण ३४१ दिवस कोरडे असल्याचं सांगतो आणि पुढे अमेरिकन स्वप्नाचा मालक कोण ते उलगडतो. शेवटचा स्पेशल १ मार्च २००८ ला कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाहून थेट प्रक्षेपित झाला. त्यात १९४२ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना छावण्यांत डांबल्याची आठवण देऊन तो म्हणतो की काढून घेता येतात ते हक्क नव्हेत, त्या तात्पुरत्या सवलती. २२ जूनला तो गेला. विनोदासाठीचा देशातला मोठा सन्मान त्याला मिळणार असल्याची घोषणा चारच दिवस आधी झाली होती.

त्यानंतर स्पेशल्सचे तुकडे झाले. २०२० मध्ये जंतूंच्या भीतीवरचा १९९९ चा भाग फिरला, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या गर्भपातावरच्या निकालानंतर १९९६ चा. त्याने कधी न लिहिलेले उपदेशपर मजकूरही त्याच्या नावावर फिरतात. त्यातल्या एकाचा त्याने हयातीतच जाहीर इन्कार केला होता. तासाची बांधणी मोडून तीन मिनिटं उचलली की प्रत्येक पक्षाला आपापला कार्लिन मिळतो, आणि याचा मला मनापासून त्रास होतो.

जानेवारी २०२४ मध्ये एका पॉडकास्टने कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला म्हणून कार्लिनच्या नक्कल आवाजातला तासभराचा ‘नवा स्पेशल’ प्रसिद्ध केला. वारसांनी दावा लावल्यावर संहिता माणसानेच लिहिल्याचं निर्मात्यांकडून सांगण्यात आलं. एप्रिलमध्ये तडजोड झाली: ध्वनिचित्रफीत कायमची काढायची, आणि त्याचा आवाज किंवा प्रतिमा वारसांच्या परवानगीशिवाय पुन्हा वापरायची नाही.