एक मैदान, दोन फुटबॉल

कोल्हापुरात कुणी म्हणालं, ‘आज फुटबॉल आहे’, तर ‘कुठला फुटबॉल?’ असं कुणी विचारत नाही. कॅनडात विचारावं लागतं. गोल चेंडूचा, पायाने खेळायचा तो तिथे सॉकर. लंबगोल चेंडू काखेत मारून पळायचं आणि बारा-बारा जणांनी एकमेकांवर आदळायचं, ते कॅनडियन फुटबॉल. त्याचीही अमेरिकन फुटबॉलशी गल्लत नको. अमेरिकेत अकरा खेळाडू आणि चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला चार संधी, कॅनडात बारा खेळाडू आणि तीनच संधी. शिवाय कॅनडाचं मैदान बरंच ऐसपैस, आणि स्टेडियम बांधणाऱ्याची पंचाईत तिथेच होते.

सॉकरचं मैदान आंतरराष्ट्रीय सामन्यांना साधारण १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद. कॅनडियन फुटबॉलची मूळ आखणी अशी: मधे ११० यार्ड आणि दोन्ही टोकांना २० यार्डांचे एंड झोन, म्हणजे चेंडू घेऊन शिरलं की गुण मिळतात ते पट्टे. एकूण लांबी १३७ मीटर, रुंदी मात्र ५९ मीटरच्या थोडी वर. हे दोन आयत एकमेकांवर ठेवले, की प्रत्येक टोकाला फुटबॉल १६ मीटर बाहेर येतो आणि प्रत्येक बाजूला सॉकर सव्वाचार मीटर.

बाजूचे सव्वाचार मीटर खपून जातात. फुटबॉलच्या दिवशी तिथे राखीव खेळाडू आणि प्रशिक्षकांचा अख्खा ताफा उभा असतो. फक्त त्या उभ्या माणसांच्या डोक्यांवरून दिसायला पहिली रांग उंच हवी, आणि सॉकरच्या प्रेक्षकाला ती जमिनीलगत हवी असते.

टोकाचे १६ मीटर मात्र खुपतात, कारण स्टँड गोलपासून तेवढा लांब जातो. सॉकरमध्ये गोलमागचा स्टँड म्हणजे ढोल, झेंडे, गाणी; गोलरक्षकाला शिव्या ऐकू गेल्याच पाहिजेत. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आपला फुटबॉल, म्हणजे सॉकर, पाहिलेल्यांना हे सांगायला नको. क्रिकेटच्या गोल मैदानात मधोमध आखलेला तो आयत, आणि गोल झाल्याचं बरेचदा आधी पुढच्यांच्या ओरडण्यावरून कळतं.

टोरांटोचं बीएमओ फील्ड २००७ मध्ये सॉकरसाठी उभं राहिलं, टोरांटो एफसीचं घर म्हणून. २०१६ मध्ये तिथे फुटबॉलचा आर्गोनॉट्स संघ राहायला आला. पाहुण्याला जागा करायची तर लांबी हवी आणि ती पुरेशी नव्हती. म्हणून एंड झोन २० ऐवजी १८ यार्डांचे झाले. नियमाला कात्री लावून स्टँड वाचवला म्हणा ना.

खरी गंमत गोलपोस्टची. कॅनडियन फुटबॉलमध्ये पोस्ट गोलरेषेवरच, म्हणजे एंड झोन सुरू होतो तिथेच असतात. दोन्ही मैदानांचा मध्य एकच धरला, तर फुटबॉलची गोलरेषा मध्यापासून ५०.३ मीटरवर येते आणि सॉकरची ५२.५ मीटरवर. म्हणजे फुटबॉलचे खांब थेट सॉकरच्या गोलच्या तोंडाशी, जिथे गोलरक्षक झेपावतो तिथेच! ते काढता-घालता आलेच पाहिजेत, आणि काढल्यावर तिथे ना खड्डा राहायला हवा ना उंचवटा.

मग जमीन. २०१६ च्या २७ नोव्हेंबरला बीएमओ फील्डवर ग्रे कप, म्हणजे फुटबॉलची अंतिम लढत झाली. तीनच दिवसांनी तिथेच टोरांटो एफसी विरुद्ध मॉन्ट्रियल, सॉकर लीगच्या उपांत्य फेरीचा परतीचा सामना. १० डिसेंबरला त्या लीगची अंतिम लढतही तिथेच. कॅनडाच्या थंडीत त्या गवताला सावरायला वेळ कुठे मिळणार? कृत्रिम गवत टाकलं तर हा प्रश्न सुटतो, पण सॉकरवाले नाक मुरडतात. २०१५ चा महिला विश्वचषक कॅनडात कृत्रिम गवतावरच झाला. त्याविरुद्ध खेळाडूंनी ऑन्टारियोच्या मानवाधिकार न्यायाधिकरणापर्यंत धाव घेतली होती.

रेषा ही तशी किरकोळ बाब वाटते. पण त्याच उपांत्य फेरीचा पहिला सामना मॉन्ट्रियलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये होता, आणि सुरू व्हायच्या ऐन वेळी लक्षात आलं की पेनल्टी क्षेत्रच अरुंद आखलंय. हजारो प्रेक्षक बसून, आणि मैदानावर माणसं रेषा खोडून नव्याने रंगवताहेत! सामना चाळीसेक मिनिटं उशिरा सुरू झाला.

मॉन्ट्रियलने एरवी हा संसार वेगळाच ठेवलाय: सॉकर सापुटो स्टेडियममध्ये, फुटबॉल पर्सिव्हल मोल्सनमध्ये. पैसा आणि जागा असेल तर मला तेच शहाणपणाचं वाटतं. पण प्रत्येक शहराला दोन-दोन स्टेडियमं कुठून परवडणार?

आता गणितच बदलतंय. कॅनडियन फुटबॉल लीगने २०२५ मध्ये जाहीर केलं, की २०२७ पासून मैदान १०० यार्डांचं, एंड झोन १५ यार्डांचे, आणि पोस्ट एंड झोनच्या मागच्या रेषेवर. जुने चाहते खवळले, ‘हे तर अमेरिकन झालं’ म्हणून. स्टेडियमवाल्याच्या नजरेने पाहिलं तर एकूण लांबी ११९ मीटरवर येते, टोकाचे १६ मीटर सातवर येतात, आणि ते खांब गोलच्या तोंडातून निघून सॉकरच्या गोलरेषेच्या सात मीटर मागे जातात.