स्वाती फुगली कशी?

२०१९ च्या अखेरीस मृगातला काक्षी हा तांबडा तारा एकाएकी मंदावला आणि मोबाइलवर निरोपांचा पाऊस पडला. 'तारा मरणासन्न आहे, शेवटच्या घटका मोजतोय', 'आज-उद्या फुटणार, रात्रीचा दिवस होणार'. झाले काहीच नाही. ताऱ्याने स्वतःच बाहेर फेकलेली धूळ आपल्या आणि त्याच्यामध्ये आली होती, आणि काही महिन्यांत काक्षी पुन्हा पहिल्यासारखा दिसू लागला. निरोप पाठवणारेही पुढच्या ग्रहणाच्या तयारीला लागले.

या सगळ्यात मला राग आला तो 'मरणासन्न' या शब्दाचा. म्हातारा तारा म्हणजे तेल संपत आलेली, फडफडणारी पणती, असे चित्र त्यातून डोळ्यांसमोर येते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. सूर्यासारखा तारा म्हातारपणी तरुणपणाच्या शेकडो पट उधळपट्टी करतो. पटत नसेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात रात्री दहा-साडेदहाला गच्चीवर उताणे पडा. अगदी डोक्यावर एक ठळक केशरी तारा दिसेल. ती स्वाती. खात्री करायची तर सप्तर्षींच्या शेपटीचा बाक, वसिष्ठ-अरुंधतीवरून मरीचीकडे, तसाच पुढे वाढवत न्या. तो स्वातीवरच येऊन थांबतो.

'अगदी डोक्यावर' हे मी शब्दशः म्हणतो आहे. स्वातीची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, आज उत्तरेकडे १९ अंशांच्या किंचित वर आहे. मुंबई, अहिल्यानगर, परभणी, नांदेड ही सगळी गावे १९ अंश अक्षांशाच्या आसपासची. शून्य सावलीचा दिवस वर्षातून दोनदा येतो आणि आपण त्याचे फोटो काढतो. स्वाती मात्र या गावांच्या माथ्यावरून रोज जाते. हवाई बेटेही याच पट्ट्यात येतात. पॉलिनेशियन दर्यावर्दी तिला 'होकुलेआ', म्हणजे आनंदाची तारका म्हणत. ती नेमकी माथ्यावर आली की आपण हवाईच्या अक्षांशावर पोहोचलो, हे त्यांचे गणित. १९७६ मध्ये याच नावाची पारंपरिक होडी आधुनिक उपकरणांशिवाय हवाईहून ताहितीला गेली.

आता स्वातीचे आधार कार्ड. अंतर सुमारे ३७ प्रकाशवर्षे. वस्तुमान सूर्यापेक्षा जेमतेम थोडे अधिक. वय सुमारे ७ अब्ज वर्षे, सूर्याचे ४.६ अब्ज. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४३०० केल्विन, म्हणजे सूर्यापेक्षा जवळपास दीड हजार अंशांनी थंड, म्हणूनच तिचा रंग केशरी. पुस्तकांत तिला 'तांबडा राक्षसी तारा' म्हणतात, पण डोळ्यांना ती केशरी-पिवळीच दिसते. त्रिज्या सूर्याच्या २५ पट. आणि ऊर्जा बाहेर टाकण्याचा वेग सूर्याच्या १७० ते २०० पट.

थोडक्यात, सूर्याएवढाच माल, पण १६ हजार पट जागेत पसरलेला. सरासरी घनता काढली तर आपण श्वासात घेतो त्या हवेच्याही तेराव्या भागाइतकी भरते. तिच्या पृष्ठभागावर उभे राहता आले असते (येत नाही, तिथे उभे राहायला काही नाही) तर ६० किलोच्या माणसाचा भार तिथे तीन किलोही भरला नसता. सूर्याच्या जागी स्वाती ठेवली तर ती बुधापर्यंतही पोहोचणार नाही, पण आपल्या आकाशात हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा मोठी दिसेल. ते बघायला समुद्र राहणार नाहीत, हा भाग वेगळा.

हे सगळे झाले कसे? मला झोपेतून उठवून विचारले तरी मी ज्यावर तासभर बोलेन तो हाच प्रश्न: इंधन संपल्यावर तारा आतून आकसतो, मग बाहेरून फुगतो कसा?

सुरुवात एका चमत्कारिक नियमापासून. चहा थंड होतो कारण तो उष्णता गमावतो. तारा उष्णता गमावतो आणि त्यामुळे तापतो. ही चूक छपाईची नाही. स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या वायूच्या गोळ्यातून ऊर्जा बाहेर गेली की तो थोडा आकसतो. आकसताना गुरुत्वीय ऊर्जा मोकळी होते. तिच्यातली अर्धी बाहेर जाते, अर्धी आत राहून वायूला आणखी तापवते. कृत्रिम उपग्रहाचेही असेच असते. विरळ हवेच्या घर्षणाने तो ऊर्जा गमावतो, खालच्या कक्षेत येतो, आणि तिथे त्याचा वेग वाढलेला असतो. खर्च करून श्रीमंत होण्याची सोय विश्वात फक्त गुरुत्वाकर्षणाकडे आहे.

आयुष्यातला मोठा काळ ताऱ्याला या नियमाचा त्रास होत नाही, कारण गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होत असते आणि बाहेर गेलेली ऊर्जा तिथून भरून निघते. इथे एक उत्तम थर्मोस्टॅट बसवलेला आहे. गाभ्यातली आग जरा जास्त भडकली की गाभा फुगतो, फुगला की थंडावतो, थंडावला की आग आवरते. सूर्य साडेचार अब्ज वर्षे शांतपणे जळतो आहे तो यामुळे.

मग गाभ्यातला हायड्रोजन संपतो. उरते हेलियमची राख. ती पेटायला सुमारे १० कोटी अंश लागतात आणि तेवढे तापमान अजून नसते. आगीविना गाभा आकसू लागतो आणि वरच्या नियमाप्रमाणे तापतो. त्याच्याभोवतीच्या थरात हायड्रोजन अजून शिल्लक असतो. तो या उष्णतेने पेटतो. चूल विझली आणि चुलीभोवतीचा कोंडा पेटला, असे काहीसे.

खरी गंमत इथून. त्या पेटलेल्या पातळ कवचाचे तापमान कोण ठरवते? वरचा अवाढव्य पसारा नव्हे, तर खालचा गाभा. गाभा जितका जड आणि जितका लहान, तितके त्याच्या लगतचे गुरुत्व तीव्र आणि तितके कवच तप्त. म्हणजे जुना थर्मोस्टॅट निकामी झाला. वरचा पसारा कितीही फुगला, थंडावला, तरी कवचाला त्याचे सोयरसुतक नाही. ते गाभ्याचे ऐकते. आणि कवचात चालणारी प्रक्रिया, म्हणजे या तिघांच्या मदतीने हायड्रोजनचे हेलियम करणारे कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्र, तापमानाला भयंकर संवेदनशील. तापमान १० टक्के वाढले तर ऊर्जानिर्मिती जवळजवळ पाचपट होते.

कवच जळते तशी नवी हेलियमची राख गाभ्यावर पडते. गाभा जड होतो. आता जड झालेली वस्तू मोठी व्हायला हवी ना? होत नाही. हा गाभा इतका दाबला गेलेला असतो (चहाच्या चमचाभर मालाचे वजन शेकडो किलो) की त्याला तोलून धरतो तो साध्या वायूचा दाब नसतो. तो इलेक्ट्रॉनांचा पुंजयांत्रिक दाब असतो: दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत बसू शकत नाहीत, त्यामुळे जागा कमी पडली की त्यांना उच्च संवेगाच्या, म्हणजे अधिक वेगाच्या, अवस्थांत जाऊन बसावे लागते, आणि हा दाब तापमानावर जवळपास अवलंबून नसतो. अशा द्रव्याला अपभ्रष्ट म्हणतात. त्याच्या गोळ्यात भर घाला, तो लहान होतो. हे वाक्य पचले नाही तर सोडून द्या, मलाही पहिल्या वाचनात पचले नव्हते. निष्कर्ष तेवढा धरून ठेवा. राख पडली की गाभा जड आणि लहान, म्हणून कवच आणखी तप्त, म्हणून आग आणखी जोराची, म्हणून राख आणखी. या चक्राला लगाम नाही. वय वाढते तसा खर्च वाढत जातो, तो असा.

आता एवढी ऊर्जा वरच्या पसाऱ्यातून बाहेर पडायला हवी. पसारा ती मुकाट्याने पुढे पाठवू शकत नाही; काही स्वतःत मुरवतो आणि प्रसरण पावतो. बाहेर फेकायची ऊर्जा वाढली तर पृष्ठभागाला दोनच मार्ग असतात: तापायचे किंवा पसरायचे. स्वाती पसरली. ती तापली नाही आणि थंड होत होत विझलीही नाही, याचे श्रेय एका क्षुद्र कणाला जाते. हायड्रोजनच्या अणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटला की ऋणभारित हायड्रोजन आयन तयार होतो. ही चिकटण अगदी कच्ची, जराशा प्रकाशानेही सुटते, आणि म्हणूनच हा आयन प्रकाश उत्तम अडवतो. सूर्याचा पृष्ठभाग आपल्याला इतका रेखीव दिसतो तोही याच आयनामुळे, हे खगोलशास्त्रज्ञ रुपर्ट विल्ट यांनी १९३९ मध्ये सुचवले. हा जादा इलेक्ट्रॉन येतो मुख्यतः सोडियम, मॅग्नेशियम, लोह अशा धातूंकडून. बाहेरचा थर फार थंडावला की धातू इलेक्ट्रॉन सोडेनासे होतात, आयन घटतात, थर पारदर्शक होतो आणि खालच्या गरम थरातला प्रकाश थेट निसटतो. म्हणजे बाहेरून दिसणारा 'पृष्ठभाग' आपोआप गरम थराकडे सरकतो. तीन-चार हजार अंशांच्या खाली जायला ताऱ्याला मज्जाव आहे तो असा. तापमानाला तळ मिळाला की वाढत्या ऊर्जेसाठी एकच वाट उरते: क्षेत्रफळ वाढवायचे. स्वातीचा चौरस मीटर सूर्याच्या चौरस मीटरच्या तीस टक्केच ऊर्जा फेकतो, पण असे चौरस मीटर तिच्याकडे साडेसहाशे पट आहेत.

प्रामाणिकपणे सांगायचे तर 'तारा का फुगतो' याचे एका वाक्यातले, सगळ्यांना मान्य होणारे उत्तर खगोलशास्त्रज्ञांकडेही नाही. समीकरणे संगणकात घाला, राक्षसी तारा बाहेर येतो. शब्दांत पकडायला गेले की कोणी कवचाकडे बोट दाखवतो, कोणी अपारदर्शकतेकडे. मी माझी आवड सांगितली.

पण आतले हे सगळे खरे कशावरून? तिथे कोण पाहून आले? एक पुरावा स्वातीने स्वतःच वर आणून ठेवला आहे. फुगलेल्या ताऱ्याचा पसारा भातासारखा खदखदतो आणि ही खदखद खोलवर जाऊन जुन्या राखेचा अंश पृष्ठभागावर आणते. कार्बनचे दोन स्थिर प्रकार आहेत, १२ आणि १३. आपल्या सूर्यमालेत त्यांचे प्रमाण ९० ला १ च्या आसपास. वर सांगितलेल्या कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्रात कार्बन १३ ची भर पडते. स्वातीच्या वर्णपटात हे प्रमाण सुमारे ७ ला १ आहे. पातेल्याच्या तळाशी काय करपले ते वरच्या वाफेवरून कळावे, तसे हे.

स्वातीची आणखी एक खोड म्हणजे ती फार जोरात पळते. १७१८ मध्ये एडमंड हॅली यांनी ग्रीकांच्या जुन्या नोंदींशी ताऱ्यांच्या जागा ताडून पाहिल्या, तेव्हा व्याध, रोहिणी आणि स्वाती सरकलेल्या निघाल्या. 'स्थिर तारे' हा शब्द तिथे संपला. शिवराज्याभिषेकापासून आजवर स्वाती पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळजवळ निम्म्या रुंदीइतकी सरकली आहे. सूर्याच्या तुलनेत तिचा वेग सेकंदाला सुमारे १२२ किलोमीटर, आणि तिच्यात लोहाचे प्रमाण सूर्याच्या जेमतेम एक तृतीयांश. दोन्हींवरून दिसते की ती आपल्या दीर्घिकेच्या, म्हणजे आकाशगंगेच्या, जुन्या, जाड चकतीतली. आपल्या गल्लीतून फक्त जाते आहे.

राहिला मोत्यांचा प्रश्न. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, हे अजूनही कोणी ना कोणी गंभीरपणे सांगतो. मोती होतो तो शिंपल्यात परजीवी किंवा कचरा शिरल्यावर त्याभोवती प्राणी थर चढवतो म्हणून. पावसाचा त्यात काही हात नाही. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण मात्र मला प्रिय आहे, कारण ती शिंपल्यांची नाहीच. ऑक्टोबर अखेरचा तो पाऊस रब्बीच्या ज्वारीला मिळाला की कणसात मोती भरतात, इतका साधा शेतीचा हिशेब आहे. गंमत अशी की त्या पंधरवड्यात स्वाती तारा सूर्याच्या मागोमाग पाऊण तासात मावळतो आणि संधिप्रकाशात सापडतही नाही. पत्रिकेतल्या 'स्वाती नक्षत्रातल्या चंद्रा'चे तर आणखी मजेदार. हा तारा चंद्र-सूर्याच्या वाटेपासून तीस अंश उत्तरेला आहे. चंद्र त्याच्या शेजारी कधी गेलाच नाही आणि जाणारही नाही. राहायचे एका गावात आणि पत्ता द्यायचा दुसऱ्याच गावचा.

१९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाचे दिवे स्वातीच्या प्रकाशाने लावले होते. दुर्बिणींनी तो प्रकाश प्रकाश-विद्युतघटावर पाडला आणि त्या इशाऱ्यावर दिवे उजळले. तेव्हा अंतर ४० प्रकाशवर्षे धरले होते, म्हणजे याच शहरात १८९३ मध्ये भरलेल्या आधीच्या प्रदर्शनाच्या वेळी निघालेला किरण या प्रदर्शनाला पोहोचला, अशी कल्पना. आजच्या मोजणीप्रमाणे तो किरण तीनेक वर्षे उशिराने निघाला होता. दिवे लागले ते लागलेच.

पुढे काय? काक्षीसारखा महास्फोट स्वातीच्या नशिबी नाही, तेवढे वस्तुमानच नाही. गाभा वाढत वाढत १० कोटी अंशांवर पोहोचेल आणि हेलियम एकदम पेटेल. काही क्षण गाभ्यात सबंध दीर्घिकेच्या तोडीची ऊर्जा निर्माण होईल, पण ती गाभ्याला सैल करण्यातच खर्च होईल आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीही दिसणार नाही. त्यानंतर पुन्हा एकदा फुगणे, बाहेरचे थर उडून जाणे आणि शेवटी उरलेला गाभा, म्हणजे पृथ्वीएवढा श्वेतबटू. हेलियम पेटायलाच अजून कोट्यवधी वर्षे आहेत. स्वाती मात्र सुमारे चार हजार वर्षांत आपल्या सर्वांत जवळ येऊन दूर जायला लागेल, आणि आजच्या वेगाने दहा-पंधरा लाख वर्षांत नुसत्या डोळ्यांना दिसेनाशी होईल. तोवर दर मेमध्ये, मृगाचे ढग जमायच्या आधी, ती रात्री दिसते. फक्त पृथ्वीचा अक्ष डुलत असल्यामुळे थोडी थोडी दक्षिणेला सरकते आहे, आणि आणखी वीसेक वर्षांत बरोबर डोक्यावर पाहण्यासाठी नांदेडकरांना थोडे खाली लातूरच्या बाजूला सरकावे लागेल.