परदेशी कंपनी विकत घेणं आणि तिथली माणसं सांभाळणं (टाटा समूह)

परदेशातली चालू कंपनी माणसांसकट विकत घेऊन धंदा वाढवायचा, याला टेकओव्हर किंवा अधिग्रहण म्हणतात. सही एका दिवसात होते, पण तिथले कामगार, युनियन, मॅनेजर आणि पेन्शनवर बसलेली म्हातारी माणसं सांभाळायचं काम पुढे कित्येक वर्षं चालतं, आणि सौदा जमला की फसला ते तिथेच कळतं.

व्यवस्थापनाचे अभ्यासक हॉवर्ड पर्लमटर यांनी १९६९ मध्ये कंपन्यांचे प्रकार पाडले: सगळ्या मोठ्या खुर्च्यांवर आपल्या देशातली माणसं पाठवणाऱ्या, तिथला कारभार तिथल्याच माणसांवर सोडणाऱ्या, आणि माणूस कुठलाही असो लायक असला म्हणजे झालं असं मानणाऱ्या. टाटांनी बऱ्यापैकी दुसरा रस्ता धरला. २००० मध्ये टाटा टीने आपल्यापेक्षा कितीतरी मोठी टेटली ही ब्रिटिश चहा कंपनी २७.१ कोटी पौंडांना घेतली, २००४ मध्ये टाटा मोटर्सने दक्षिण कोरियातल्या गुनसानचा देवू ट्रक कारखाना १०.२ कोटी डॉलरला घेतला आणि तिथे मुंबईहून साहेबांची फौज न पाठवता कोरियन मॅनेजरच ठेवले, देवू हे नावसुद्धा ठेवलं.

सगळ्यात गाजलेला सौदा जग्वार लँड रोव्हरचा. जून २००८ मध्ये फोर्डकडून २३० कोटी डॉलरला या दोन्ही कंपन्या आल्या आणि पेन्शन फंडात फोर्डने स्वतःचे साधारण ६० कोटी डॉलर घातले, हा भाग लोक विसरतात पण ब्रिटनमध्ये कारखाना घ्यायचा म्हणजे जुन्या कामगारांच्या पेन्शनचं ओझंही डोक्यावर घ्यायचं असतं. तीनच महिन्यांत जागतिक मंदी आली, गाड्या विकेनात, २००८-०९ ला टाटा मोटर्सचा एकत्रित तोटा २,५०० कोटी रुपयांच्या वर गेला. तेव्हा इंग्लंडमधले कामगार पगारवाढ थांबवायला तयार झाले आणि बदल्यात कंपनीने सक्तीची नोकरकपात करणार नाही असं कबूल केलं. माझ्या मते सौदा वाचला तो इथे. विश्वास नसता तर युनियनने हे मान्य केलंच नसतं. पुढे २०१० मध्ये राल्फ श्पेट हे जर्मन गृहस्थ सीईओ झाले, डिझाइन इंग्लंडमध्येच राहिलं, २०११ मध्ये तिथल्याच हेलवूडच्या कारखान्यातून इव्होक ही नवी गाडी बाहेर पडली आणि ती तुफान चालली. त्याच वर्षी पुण्यात लँड रोव्हरची फ्रीलँडर गाडी जोडायला सुरुवात झाली, म्हणजे पिंपरी-चिंचवडकरांना ही नावं फक्त पेपरातली राहिली नाहीत.

पण "तिथल्या माणसांवर सोडा" हे सगळीकडे पुरत नाही. २००७ मध्ये ब्राझीलच्या सीएसएन या पोलाद कंपनीशी चुरस करून टाटा स्टीलने कोरस ही युरोपियन पोलाद कंपनी शेअरला ६०८ पेन्स मोजून घेतली, सगळा हिशोब १,२०० कोटी डॉलरच्या आसपास. मग मंदी, स्वस्त चिनी पोलाद, महाग वीज, वर जुनी पेन्शन स्कीम जी २०१७ मध्ये नव्याने बांधावी लागली. शेवटी वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या कारखान्यातली दुसरी झोतभट्टीही (खनिजापासून लोखंड काढणारी मोठी भट्टी) सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली. तिथे विजेवर चालणारी भट्टी यायची आहे, तिला माणसं फार कमी लागतात. दोन पिढ्या त्याच गेटमधून कामावर गेलेली घरं आहेत त्या गावात, आणि त्यांच्यासाठी मालक लंडनचा की मुंबईचा याने फारसा फरक पडत नाही.